तोफ का हसली

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईला आमची गल्ली तोफ म्हणते. मोर्चात तिच्या एका घोषणेपुढे पोलिसांचा भोंगाही चिडीचूप होतो. या तोफेला कोपऱ्यावरच्या वर्कशॉपात लेथ मशीन चालवणाऱ्या लेथवाल्याने दोघं सिनेमा बघून परतताना लग्नाचं विचारलं आणि ती पोट धरून हसली. तेव्हापासून गडी तोंड लपवून फिरत होता.

मग त्याच सिनेमाचं पेपरातलं परीक्षण त्याच्या हाती पडलं. समीक्षकाने ठोकून दिलं होतं की, प्रेमप्रसंगात नायिका हसते, कारण ती प्रेमाला घाबरते. खुर्चीत बसून काहीही खरडतात हे लोक. पण लेथवाल्याला धीर आला. कात्रण घेऊन तो थेट लाँड्रीत घुसला. मी तिथेच बसलो होतो.

"तूही घाबरलीच होतीस ना?" त्याने विचारलं.

तोफेने इस्त्री उभी केली. "घाबरते कसली? तुझ्या कॉलरला लाँड्रीची चिठ्ठी लटकत होती. मीच टाचलेली."

"म्हणजे मलाच हसलीस."

"तुलाच. पण नाही कुठे म्हणाले? उत्तर न ऐकता पळालास तू. मग घाबरलं कोण?"

लेथवाला कसाबसा म्हणाला, "बरं, आता सांग."

"हो. आणि तो कागद आधी फेकून दे."