परिशिष्टातला डोह

अडतिसाव्या वर्षी माणूस पीएच.डी. करायला बसला, की घरचे आधी हसतात आणि मग विसरून जातात. मेव्हणा त्याला 'मासेवाले डॉक्टर' म्हणायचा. पदवी मिळायला अजून अवकाश होता, पण मेव्हण्यांना धीर नसतो.

प्रबंधाचा विषय होता मत्स्य व वन्यजीव संवर्धनातील सहकार्य. म्हणजे नदीवरच्या मासेमारांचं आणि वन्यजीव खात्याचं. चार वर्षं तो दर शनिवारी नावेने पलीकडच्या वस्तीत जायचा. तिथली जाळी विणणारी एक मावशी त्याच्या प्रश्नावल्या भरून द्यायची. बोलायची ती, लिहायचा हा. एकदा तिने त्याला जुन्या पुलाखालचा डोह दाखवला. विणीच्या दोन महिन्यांत मोठ्या माद्या तिथे येतात, आणि तेवढे दिवस वस्तीतलं कोणी तिकडे जाळं टाकत नाही. करार कुठेच लिहिलेला नव्हता. बहुधा म्हणूनच टिकला होता.

"हे मात्र लिहू नकोस हं," मावशी म्हणाली.

"छे, छे!" तो म्हणाला. त्या क्षणी ते खरंही होतं.

पुढे मार्गदर्शकांनी प्रबंध हातात तोलून पाहिला. "परिशिष्ट फार बारीक आहे," ते म्हणाले. मग त्याने डोह घातला, नकाशासकट, अक्षांश-रेखांशांसकट. मुलाखती देणाऱ्यांची नावं तेवढी त्याने नियमाप्रमाणे गुप्त ठेवली.

खात्याने प्रबंध चक्क वाचला. हे कोणाच्याच हिशेबात नव्हतं. वाचून त्यांनी डोहाच्या काठावर फलक लावला : 'मोठ्या माशांचे वीणस्थळ. मासेमारीस सक्त मनाई.' पंधरा दिवसांत शहरातले हौशी लोक गळ घेऊन गाड्यांनी हजर झाले. इतका नेमका पत्ता त्यांना आजवर कोणी दिला नव्हता.

वस्तीची बैठक दुपारी भरली. इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडे. अक्षर चांगलं म्हणून.

डोहाची बातमी फोडली कोणी, हे बैठकीआधीच ठरलेलं होतं. मावशीचा जावई शहरातून आलेला, वर बडबड्या. आणखी पुरावा कशाला हवा?

"लिहा हो डॉक्टर," वस्तीचा म्होरक्या म्हणाला, "जावयाला या हंगामात नावेवर घ्यायचं नाही."

"मी कुणाला सांगितलेलं नाही हो! सासूबाईंची शपथ!" जावई म्हणाला.

"माझी कशाला? घरी तुझी आई आहे की," मावशी म्हणाली.

सगळे हसले. जावई हसला नाही. मावशीही नाही.

त्याने 'जावयाला' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. गप्प राहिलं तर त्याला काहीच होणार नव्हतं. पुढच्या महिन्यात पदवी, मग नोकरी, मग ही वस्ती कशाला दिसते? हा विचार इतक्या झटपट सुचला, की त्याचे कानच तापले.

"डोहाचं मी फोडलं," तो म्हणाला. "प्रबंधात छापलंय. नकाशासकट."

मावशीने हातातलं जाळं मांडीवर ठेवलं.

"किती जण वाचतात रे तुझं ते पुस्तक?"

"तीन-चार."

"पुरले की."

"मी खात्याला पत्र लिहितो, मावशी. फलक काढायला लावतो. आजच लिहितो."

"नको," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तू आता काही लिहू नकोस."

त्याने वही म्होरक्याकडे दिली. म्होरक्याने ते पान फाडलं आणि जावयाकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून ये. आत्ता आधी यांना पलीकडे सोडून ये."

जावई वल्हवायला बसला. नाव मध्यावर येईपर्यंत हा शिव्यांची वाट बघत होता. दोन-चार सणसणीत पडल्या असत्या तर फिटंफाट झाल्यासारखं तरी वाटलं असतं. जावई आपला वल्हवत राहिला. काठ आला तेव्हा त्याने नाव धरून ठेवली आणि म्हणाला, "दगड निसरडा आहे, डॉक्टर. बघून उतरा."

तो बघून उतरला. नाव वळून लांब जाईपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.