पाच गाण्यांचं पाणी

ट्रॅक्टरमधून आलेल्या मदत पथकाच्या साहेबांनी नुसतं बोट केलं आणि शिपायानं पिंप आडवं केलं. आमचं पिण्याचं पाणी देवळाच्या पायऱ्यांवरून चिखलात गेलं.

“मंत्रानं पाणी शुद्ध करतेस होय गं? तुला आशा कार्यकर्ती केलं कुणी?” साहेब म्हणाले. बरोबरचे हसले. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता.

गं! मी चाळिशीची बाई. सगळं गाव मला ताई म्हणतं.

परंडा तालुक्यातलं आमचं गाव तीन दिवस पुरानं वेढलेलं. विहिरीत गाळ. सगळे भैरोबाच्या उंचावरच्या देवळात. छतावरून पडणारं पावसाचं पाणी गाळून पिंपात धरायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तहानलेल्या माणसाला थांबवायचं कसं, ते शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी जंतूंवर भाषण दिलं. लोकांनी माना डोलावल्या आणि लगेच ग्लास बुडवले. संध्याकाळपर्यंत चौघांना जुलाब. माझाच राग आला मला.

तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. “देवाची पाच गाणी झाल्याबिगर पाण्याला हात लावायचा न्हाय. रविवारी म्हनतो तशीच म्हनायची.”

रविवारचं भजन मी कितीदा घड्याळात पाहिलेलं. अर्ध्या तासाच्या थोडं वरच जातं. इथं तर सगळ्यांचे मोबाईल बंद पडलेले. मी थेंब टाकले, त्यांनी पिंपाला हळदकुंकू लावून गाणं धरलं. भैरोबाच्या शब्दाबाहेर कोण जाणार? पोरंसुद्धा थांबली. त्यानंतर नवीन कुणी आजारी पडलं नाही.

साहेबांना फक्त हळदकुंकू दिसलं. माझ्या हातातली क्लोरीनची बाटली दिसली नाही. शेवटचे थेंब त्याच पिंपात गेले होते. चौथं गाणं चालू होतं.

त्यांनी बाटलीबंद पाण्याचा एक बॉक्स उतरवला. अख्ख्या गावाला एक. फोटो झाला. मग कागद पुढं केला. पथकानं गावाचं पाणी शुद्ध केलं, असं त्यावर आधीच टाईप केलेलं.

“सही कर.”

मी कागद शेवटपर्यंत वाचला. आयुष्यभर मी दाखवतील तिथं सही केली होती.

“पानी आमी शुद्ध केलं. तुमी सांडलं. तसं लिहा, मग करते,” मी म्हणाले.

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या.”

ट्रॅक्टर निघून गेला. पिंपात पुन्हा धरलेलं पावसाचं पाणी लोकांनी तसंच प्यायलं, कारण थेंब नव्हते. माझ्या जावेची पोर उलट्यांनी गळून गेली. दोन दिवस मी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होते आणि सासूबाई तिच्या कपाळाला भंडारा लावत होत्या. पोर वाचली. माझा राग गेला नाही.

काल नोटीस आली. अंधश्रद्धा पसरवल्याबद्दल खुलासा मागितलाय. मी लिहिलं: होय, आम्ही गाणी म्हणून वेळ मोजला. पुन्हा पूर आला तर पुन्हा मोजू. आणि तेव्हा पिंपाकडं कुणी बोट केलं, तर पिंपाआधी मला आडवं करावं लागेल.

खाली सही केली. ही मात्र स्वतःहून.