पडझडकाका

परदेशातल्या आमच्या या उपनगरात, टूनगॅबीत, कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली, की पडझडकाका पोटभर जेवायचे, घर परसापासून गॅरेजपर्यंत हिंडून बघायचे आणि निघताना यजमानाला म्हणायचे, "छान बांधलंय. आता पडझड कुठून सुरू होते ते बघायचं." यजमानीणबाईंचा चेहरा पडला, की दिलासा द्यायचे, "बहुधा बाथरूममधून. मोहेंजोदडोवाल्यांचंही गटारांकडे दुर्लक्ष झालं, तिथूनच बिनसलं." तरी पुढच्या वास्तुशांतीला त्यांना बोलावणं असायचंच. त्यांच्यावाचून पंगतीला चव नसायची.

पुण्यातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राचीन इतिहास शिकवला होता. दर उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, ते तीन महिने मुलाकडे, मंदारकडे येत. आमच्यापासून तिसरं घर. काकू यायच्या नाहीत. विमानात गुडघे आखडतात हे कारण; खरं कारण काकाच सांगायचे, "तीन महिने मी घरात नसतो, तेवढीच तिला विश्रांती."

पण विश्रांती कसली! काकूंच्या सकाळच्या चहाच्या वेळी, इथे तेव्हा दुपार झालेली असते, यांचा फोन लागलेलाच. घरच्या चौकश्या आटोपल्या, की काका एखादं साम्राज्य सांगायला घेत. आज मगध, उद्या कार्थेज. मात्र काकूंना शेवट चालत नसे. "तिचं म्हणणं, एवढी माणसं खपून बांधतात आणि तुम्ही चहा संपायच्या आत पाडता. म्हणून तिला पायापासून कळसापर्यंत सांगतो आणि फोन ठेवतो," काका म्हणायचे. "उरलेलं तुला." त्यामुळे मला रोमची सुरुवात कधी कळलीच नाही. मी आपली संध्याकाळी चालायला निघायचे आणि माझ्या वाट्याला मोडक्या भिंती यायच्या.

साथीच्या त्या वर्षी काकांचं परतीचं तिकीट होतं आणि विमानंच बंद झाली. मंदार दिवसभर एअरलाइनला फोन लावायचा आणि तिकडून नुसतं संगीत ऐकू यायचं. बाहेर दोनच माणसांनी बोलत उभं राहायचं, तेही अंतर ठेवून, असा नियम होता. काका पत्रपेटीशी उभे राहत, मी फुटपाथच्या पलीकडच्या हिरवळीवर.

"ती एकटी आहे गं," एकदा मध्येच म्हणाले. "सिलिंडर तिला बदलता येत नाही. आजवर मीच बदलत आलोय."

"पुतण्या आहे ना जवळ?"

"त्याची सोसायटी सील केलीय."

"नो वरीज काका, होतील फ्लाइट्स सुरू," मी म्हटलं. इथे राहून राहून आपल्याला हे म्हणायची सवय लागते. काकांनी मान हलवली आणि ते रोमकडे वळले.

"पुस्तकात तारीख देतात, अमुक दिवशी रोम पडलं. खोटं नाही ते. पण त्या दिवशी रोममधली माणसं भाजी आणायला गेली असणार. घरी येऊन त्यांनी ती निवडली असणार. पडलं हे त्यांना कोण सांगणार?"

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघं भाजीच्या रांगेत होतो. इंडियन दुकानात आत मोजकीच माणसं सोडत होते, म्हणून रांग पार पार्किंगपर्यंत आली होती. काका माझ्या पुढे. त्यांना मेथी हवी होती. सगळा वेळ ते मागे वळून मोठ्या आवाजात मला सांगत होते, की सैन्यावर राज्य पोसायचं की राज्यावर सैन्य, इथेच भल्याभल्यांचं चुकलं. पुढचा पंजाबी माणूस हसून म्हणाला, "अंकलजी, आगे बढ़ो." काका पुढे सरकले. ते त्या दिवशी मजेत होते. मला ते अजून बरं वाटतं आणि अजून सहनही होत नाही.

परत आलो तेव्हा मंदार फाटकात उभा होता. त्याच्या हातात काकांचा फोन होता. "बाबा, फोन चार्जिंगलाच राहिला होता तुमचा," एवढंच तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "आई गेली."

काका म्हणाले, "मेथी ताजी मिळाली." आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

काकू चहा करतानाच कोसळल्या होत्या. शेजारणीने गॅस बंद केला. तीच दर पाच मिनिटांनी काकांना फोन लावत होती. पुतण्याला पोलिसांनी कसंबसं बाहेर सोडलं. मी संध्याकाळी गेले ती जाऊन काय बोलणार हे न ठरवताच. काका व्हरांड्यात बसले होते. समोर कुंडीला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात स्मशान दिसत होतं. मांडीवर ताट घेऊन ते मेथी निवडत होते. पानं ताटात, काड्या पेपरवर. चित्र मधूनच अडकायचं, तेव्हा हात थांबायचा. पुन्हा हललं, की चालू व्हायचा.

"थांब जरा," मला म्हणाले. "आटोपत आलंय."

मी हिरवळीवर उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होते.

त्यानंतर दुपारी, काकूंच्या चहाच्या वेळेला, काका व्हरांड्यात येऊन बसायचे. फोन शेजारी, बंद. माझ्याशी बोलायचे, पण हवापाण्याचं. मंदारने नवा नळ बसवला तो मला मुद्दाम दाखवला त्यांनी, आणि तो कुठून गळायला लागेल ते सांगितलं नाही.

पुढे खास विमानं सुटायला लागली आणि त्यांचा नंबर लागला. निघायच्या दुपारी मी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले. मंदार गाडीत बॅगा ठेवत होता. काकांनी घड्याळ बघितलं आणि आपणहून रोम सांगायला घेतलं. नदीकाठची धनगरांची झोपडी, मग टेकड्यांवरची वस्ती, मग रस्ते, मग डोंगरातून कमानींवरून शहरात आणलेलं पाणी. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि ते थांबले.

मी सवयीने विचारलं, "आणि पडझड, काका?"

"ती मला दिसली नाही गं," ते म्हणाले. "मी मेथी आणायला गेलो होतो."

मंदारने डिकी लावली. मी म्हटलं, "सांभाळून जा."