जाऊन राहिल्या

३० ऑगस्ट, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठवून उंचावर वसवलेल्या एका गावाची शाळा आमच्या ताब्यात होती. आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे लष्कराची पूरमदत तुकडी, आदल्या रात्री तेथे पोहोचला होता. मी कॅप्टन, इंजिनिअर्स, आणि कॉलम कमांडर. मला धरून आम्ही चौतीस जण होतो. दोन असॉल्ट बोटींपैकी एक सुभेदार साहेबांबरोबर कारध्याच्या बाजूला गेली होती. दुसरी शाळेखालच्या काठावर बांधलेली होती आणि तिची जबाबदारी नायक विलास खोत यांच्याकडे होती.

सेवा सोडून मला आता दीड वर्ष झाले. मी पुरांच्या प्रवाहावर संशोधन करते. कोणत्याही सभेत माझी ओळख करून दिली की प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न हमखास एकच येतो: "तुम्ही शालिकभाऊंबरोबर होता ना? ते प्रत्यक्षात कसे आहेत?" प्रवाहाबद्दल कोणी विचारत नाही, विलासबद्दलही विचारत नाही. आजवर मी "चांगले आहेत" एवढे म्हणून पुढचा प्रश्न घेत आले. ते उत्तर अपुरे आहे, म्हणून हे लिहीत आहे.

शालिकभाऊ पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामे करत. पुढे दूरदर्शनवरच्या एका हास्य कार्यक्रमाने त्यांना घराघरांत नेले. त्या दिवशी ते मदतीचे दोन ट्रक घेऊन येणार होते. सात वाजता हेडक्वार्टरहून वायरलेस सेटवर आदेश आला.

"अल्फा वन, व्हीआयपी व्हिजिट आज दस बजे. बोट का डेमो, फोटो, बस. बोट वहीं रखना. ओव्हर."

"बोट ऑपरेशनल है, सर. ओव्हर."

"इमर्जन्सी हो तो इस्तेमाल करो. नहीं तो वहीं रखो. आऊट."

प्रसिद्ध माणसांविषयी माझे मत तेव्हा पक्के होते. एका अभिनेत्रीने आमच्या चौकीवर तीन तास घालवले आणि त्यातले अडीच तास कॅमेऱ्याची जागा ठरवण्यात गेले. एका नावाजलेल्या गिर्यारोहकाने माझ्या जवानांना धैर्यावर व्याख्यान दिले आणि चहा गार आहे म्हणून परत पाठवला. दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मला विद्यापीठात शिकवले होते. तरी मी तो काढला होता आणि त्याला अनुभव असे नाव दिले होते.

विलासला मात्र उत्साह होता. तो माझ्याच सांगली जिल्ह्यातला. बोटीचे इंजिन पुसता पुसता म्हणाला, "मॅडम, गावातली पोरं सकाळपासनं इचारत्यात, नायक कधी येणार? मी म्हटलं, म्या काय दिसत न्हाई व्हय? माझ्या दंडावर दोन फिती हायत."

"इंजिनाकडे लक्ष द्या."

"इंजिन एका दोरीत चालू हुतंय, मॅडम."

दहाला पाच मिनिटे कमी असताना ट्रक आले. शालिकभाऊ उतरले. बारीक अंगाचा, पन्नाशीचा माणूस. पायांत प्लास्टिकच्या चपला, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. सगळे गाव काठावर लोटले होते. एका म्हातारीने त्यांचा दंड धरून त्यांना निरखून पाहिले.

"तूच का रे तो? टीव्हीत तं चांगला धिप्पाड दिसतेस."

"टीव्ही मोठा आहे व माय. मी एवढासाच."

"खाऊन राहिला का नाही काही?"

"तू देशील तं खातो."

लोक हसले. हे सगळे कॅमेऱ्यासाठी आहे असे मी मनात नोंदवले. कॅमेरा अजून गाडीतून बाहेरही आला नव्हता, हे मी नोंदवले नाही. माझ्याशी ते शुद्ध, बेताच्या मराठीत बोलले: "मॅडम, तुमच्या कामात अडथळा होत असेल तर आम्ही धान्य उतरवून निघून जातो." मी त्यांना सांगितले की फोटो अकरा वाजता ठरला आहे आणि तोवर त्यांनी आम्ही आखलेल्या चुन्याच्या रेषेमागे थांबावे.

दहा वाजून बावीस मिनिटांनी माझा फोन वाजला. गावचे पोलीस पाटील केवळराम बांधावर पाण्यावर नजर ठेवून होते. ते आमच्याशी हिंदीत बोलत. फौज म्हणजे हिंदी, असा तिकडे सर्वांचाच समज. त्यांचे हिंदी अडखळत होते आणि मला घाई होती. मी फोन स्पीकरवर टाकला व म्हणाले, "पाटील, मराठीत सांगा. मी मराठीच आहे."

त्यांच्या आवाजात एकदम मोकळेपणा आला. "हो जी. मॅडम, पुनाबाई अन् तिची सून, दोघीजणी पहाटे जुन्या गावात गेल्या होत्या जाळे अन् बकऱ्या आनाले. आता बकऱ्या घेऊन टेकडीवर जाऊन राहिल्या. पाणी चढून राहिलं. बोट पाठवा ना जी."

माझ्या मराठीत 'जाऊन राहिल्या' म्हणजे गेल्या आणि तेथे मुक्कामाला थांबल्या. 'पाणी चढून राहिलं' म्हणजे चढले आणि थांबले. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकमेकांशी जुळत होता. त्या दोघी उंचावर पोहोचल्या आहेत, पातळी स्थिर झाली आहे, बोट त्यांना परत आणण्यासाठी हवी आहे. मी लॉगमध्ये तसेच लिहिले: दोन महिला टेकडीवर सुरक्षित, पाणी स्थिर.

"पाठवते. इथले आटोपले की पहिले काम तेच."

"पन मॅडम—" एवढे ऐकू आले आणि रेंज गेली.

रेषेमागून शालिकभाऊ दोन पावले पुढे आले. "मॅडम, एक मिनिट. ते काय म्हणाले—"

"सर, ही ऑपरेशनल माहिती आहे. कृपया मागे थांबा."

"हो, पण जाऊन राहिल्या म्हणजे—"

"मला मराठी समजते, सर."

ते थांबले. मी त्यांच्याकडे पाठ केली. संकटाच्या बातमीत स्वतःसाठी जागा शोधणारा माणूस, अशी मी त्यांची वर्गवारी केली होती आणि त्या वर्गातील माणसाचे वाक्य पूर्ण ऐकण्याची मला गरज वाटली नाही. मी सेटवर हेडक्वार्टरला रिपोर्ट दिला. जवानांना लाइफ जॅकेटचे बंद तपासायला लावले, कारण फोटोत ते दिसणार होते.

दहा वाजून एकतीस मिनिटांनी विलास धावत आला. इंजिन चालू झाल्याचा आवाज मला त्याच्या आधी आला होता.

"मॅडम, ते पाव्हणं म्हणत्यात, बायका पोचल्याच न्हाईत. अजून वाटंवर हायत्या. हिकडं 'जाऊन राहिल्या' म्हंजी 'जायाला लागल्यात'. आनि पानी चढतंच हाय."

मी शालिकभाऊंकडे पाहिले. ते चपला काढून गुडघाभर पाण्यात बोटीचे नाक धरून उभे होते.

ते वाक्य मी मनात पुन्हा ऐकले. या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता.

"किती वेळ गेला?" मी विचारले. उत्तर मलाच ठाऊक होते. नऊ मिनिटे.

"मी येऊ का?" शालिकभाऊ म्हणाले. "हाक मारायला आपल्या बोलीतला माणूस बरा पडेल."

"नाही." तो निर्णय मात्र योग्य होता आणि आजही मी तोच घेईन.

बोटीत विलास, सॅपर दास आणि मी. जुन्या गावातून टेकडीकडे जाणारा रस्ता मातीच्या भरावावरून जातो. नऊ मिनिटांपूर्वी त्या भरावावर गुडघाभर पाणी असावे. बोट सरळ त्याला लागली असती. आम्ही पोहोचलो तेव्हा भराव मध्येच तुटला होता. दोघी खालच्या अंगाला वाहत जाऊन जुन्या शेतांमधल्या एका बाभळीला धरून होत्या. बकऱ्या दिसत नव्हत्या. त्या शेतांची काटेरी तारेची कुंपणे धरण झाल्यावर कोणी काढली नव्हती. ती आता पाण्याखाली होती आणि नेमकी कुठे आहेत ते वरून कळत नव्हते.

विलासने प्रवाहाच्या वरच्या बाजूने बोट आणली. दासने सुनेला ओढून घेतले. पुनाबाई फांदी सोडेनात.

"मावशी, हात सोडा. म्या धरलंय तुमास्नी."

"बकरी बांधली आहे रे खाली. पान्यात बांधली आहे."

"बकरीचं बगू मग. आदी तुमी या."

त्यांनी हात सोडला. आम्ही दोघांनी त्यांना आत घेतले. त्याच क्षणी इंजिन घुसमटून बंद पडले. पंख्यात तार गुंतली होती. विलासने कटर घेतला आणि मागच्या फळीवरून पाण्यात वाकला. "एक मिनिट, मॅडम," तो म्हणाला. तार तुटल्याचे कळले, कारण बोट एकदम मोकळी होऊन फिरली. फिरताना एक ओंडका येऊन बाजूवर आदळला. विलास पाण्यात पडला. जॅकेटने त्याला वर आणले, मग तो पुन्हा खाली ओढला गेला. त्याचा पाय तारेच्या दुसऱ्या पदरात अडकला होता. दासने दोर टाकला. विलासने तो पकडला. मी दोर ओढत होते. मग दोर हलका झाला.

इंजिन एका दोरीत चालू झाले. आम्ही तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर मी दोन्ही महिलांना काठावर आणले, कारण जिवंत असलेल्यांना आधी पोहोचवायचे असते.

काठावर तीन-चारशे माणसे होती. बोट टेकताच एक तरुण फोन वर धरून म्हणाला, "शालिकभाऊ, इकडं पाहा ना गा."

"हात खाली कर, बाबू," शालिकभाऊ हळू म्हणाले. तो हात खाली आला. पाठोपाठ बाकीचे हातही खाली आले. त्यांनी पुनाबाईंना उचलून वऱ्हांड्यात बसवले. पुनाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"तो पोट्टा कोठी गेला? मले धरलं होतं, तो?"

शालिकभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाह्यून राहिले व माय त्याले. पाह्यून राहिले."

तेथे ते क्रियापद पहिल्यांदाच मला बरोबर समजले.

विलासचा देह दुपारी दोननंतर, कुंपणाच्या त्याच ओळीत मिळाला. एका टीव्ही वाहिनीचे लोक तोवर आले होते. मी वऱ्हांड्याच्या खांबाआड उभी असताना शालिकभाऊंना विचारलेला प्रश्न आणि त्यांचे उत्तर मी ऐकले. ते म्हणाले, "मॅडमनी खबर मिळाल्याबरोबर बोट सोडली. एक मिनिट वाया घालवला नाही."

त्यांची गाडी निघताना मी त्यांना गाठले. "तुम्ही खोटे का बोललात?"

त्यांनी शुद्ध मराठी सोडून दिली होती. "मी तुमाले दोनदा सांगतलो, मॅडम. तिसऱ्यानं बोंबलून सांगाले पायजे होतं. नाही सांगतलो. काहून? लोकं म्हणतीन, टीव्हीवर येते म्हून इथंई हिरोगिरी करून राहिला. हे आयकाची सवय झाली आहे मले. माणूस रेषेमागं हो म्हणला का मी होतो." थोडे थांबून ते म्हणाले, "माझे बी काही मिनिटं आहेत त्याच्यात. एकट्या तुमचे नाहीत."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे मी सर्व सांगितले. फोनचे शब्द, माझा चुकलेला अर्थ, मी ज्यांना बोलू दिले नाही त्यांचे नाव आणि नऊ मिनिटे. चौकशी मंडळाने भाषिक गैरसमज असा निष्कर्ष काढला व मला दोषमुक्त केले. बाहेरच्या जगाला तेवढीही गरज पडली नाही. माझे चार पानी निवेदन कोणी वाचलेले नाही. शालिकभाऊंची दोन वाक्ये सर्वांनी ऐकली आहेत. सभेत मी खरे सांगू लागले की श्रोते ते माझ्या विनयाच्या खात्यात जमा करतात आणि टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत उभे राहणे मला अजून जमलेले नाही.

गेल्या वर्षी मी विलासच्या घरी गेले. भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो होता. त्याची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "ते टीव्हीतलं पाव्हणं फोन करत्यात मधनं अधनं. लई हसवत्यात. म्हंजी पयलं रडवत्यात, मग हसवत्यात. तुमी वळखता न्हवं त्यास्नी? खरं कसं हायत वो?"

तिला मी "चांगले आहेत" म्हणू शकले नाही. मी म्हणाले, "मी त्यांचं ऐकलं असतं, तर विलास असता."

तिने गॅस बंद केला. चहा गाळला. मग कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घ्या. गार हुईल."

नायक विलास खोत. वय एकोणतीस. सांगली जिल्हा. इंजिन त्याचे ऐकत असे. त्याने पुनाबाईंना मावशी म्हटले आणि त्यांनी हात सोडला.

३० ऑगस्टच्या त्या संध्याकाळी सहा वाजता हजर संख्येचा नेहमीचा रिपोर्ट पाठवायचा होता. सुभेदार साहेब कारध्याहून परतले होते आणि माझ्याशेजारी उभे होते. सेटवर ऑपरेटरने विचारले, "अल्फा वन, स्ट्रेंथ बताइए. ओव्हर." मी लॉगमध्ये सवयीने ३४ लिहिले होते. मी आकडा खोडला, शेजारी सही केली आणि नवा लिहिला.

तेहतीस.