चारपैकी शून्य

दहावीच्या पोरांना कवितेची मध्यवर्ती कल्पना ओळखायला शिकवायची माझी पद्धत सोपी होती. ओळखायचं काही नाही, पाठ करायचं. आईवरची कविता आली की मी फळ्यावर चौकट आखायचे आणि आत चार शब्द लिहायचे: त्याग, वात्सल्य, संस्कार, कृतज्ञता. हे चार शब्द उत्तरात आले, खाली पट्टीनं रेघ मारली, की चारपैकी चार. पेपर तपासणारा तुमचं काळीज वाचायला बसलेला नसतो, असं मी पोरांना ठणकावून सांगायचे. माझ्या विषयाचा निकाल कधी घसरला नाही आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी पुस्तकात एक कविता होती. त्यातली आई सगळ्यांना वाढते, भांडी रिकामी होतात आणि शेवटी ती म्हणते, मला भूक नाही. चाचणीचे पेपर तपासायला घेतले तर सगळ्यांची चौकट जागच्या जागी. एकच पेपर निराळा निघाला. तिसऱ्या बाकावरची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, आई विड्या वळणारी. तिनं लिहिलं होतं, 'ही आई खोटं बोलते. तिला भूक आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, तरी कोणीच ताटावरून उठत नाही.'

माझा हात थांबला. कवितेत खरं तेच होतं. इतकी वर्षं कविता शिकवून मला ते दिसलं नव्हतं, आणि आमच्याही घरी कधी कोणी उठलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. लाल पेनानं शून्य दिलं.

पेपर वाटताना चुकलेलं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचायचं, ही माझी रीत. तिला उभं केलं. 'ऐका रे, आपल्या विदुषी काय म्हणतात,' म्हणत तिचं उत्तर वाचलं, मध्ये मध्ये थांबत, पोरांकडे बघत. वर्ग खिदळला. मग विचारलं, 'काय गं, तुझी आई बोलते का खोटं?'

'व्हय बाई, बोलती,' ती म्हणाली.

पोरं बाकं बडवायला लागली. मी त्यांना थांबवलं नाही. 'कविता कळायला घरात मराठी लागते,' मी म्हणाले. 'तुला नाही कळत. गप चौकट पाठ कर.'

तिनं केली. पूर्वपरीक्षेत चारही शब्द होते, खाली पट्टीनं रेघा मारलेले. चारपैकी चार. तो पेपर मी वर्गाला नमुना म्हणून दाखवला.

निकालानंतर शाळेचा दाखला न्यायला ती आईबरोबर आली. मागं पालकांची रांग होती. आई म्हणाली, 'बाई, ही सातवीपासनं म्हणायची, मराठीची बाई होणार, तुमच्यावाणी. आता नको म्हणती. तुमीच सांगा की तिला.'

'का गं?' मी मुलीला विचारलं.

'मला कविता कळत न्हाईत, बाई.' रुसून नाही, रागावून नाही. घरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. 'तुमीच म्हणला की.'

मला एवढंच बोलायचं होतं, की त्या वर्गात ती कविता फक्त तुला कळली होती, मलासुद्धा नाही. अगदी ओठावर आलं होतं. पण रांगेतले पालक ऐकत होते आणि पलीकडच्या टेबलाशी मुख्याध्यापक बसले होते. मी म्हणाले, 'कॉमर्सही चांगलं असतं.'

आईनं मान डोलावली. 'बरं झालं बाई, येळेवर सांगितलं. न्हायतर पोरगी उगं आशेवर राहिली असती.' वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला आणि लेकीलाही लावायला सांगितलं.

दोघी फाटकाबाहेर पडेपर्यंत मला त्यांच्या मागं जाता आलं असतं. मी खुर्चीवरून उठले नाही.