चौथी कॉईल

शनिवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. हिंगोलीच्या एसटी आगारामागं, लतीफच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात पुनम बाकावर वाकून एका चुंबकाचा जोर मोजत होती. लोखंडी चौकटीत चार ध्रुव, प्रत्येकावर तांब्याच्या तारेची एक कॉईल आणि मधे मूठ जाईल एवढी मोकळी जागा. कणांना वेग देणाऱ्या यंत्रात कणांचा झोत अशाच जागेतल्या नळीतून जातो आणि चुंबक त्याला पांगू देत नाही. त्यासाठी बरोबर मधोमध चुंबकाचा जोर शून्य लागतो.

शून्य सापडलं, पण मधोमध नाही. दोन-तीन केसांच्या जाडीइतकं बाजूला.

पुनम शिरड शहापूरची. दूरच्या एका प्रयोगशाळेत ती अशी चुंबकं आखते. लहानपणी वडिलांबरोबर पंपाची जळकी मोटार घेऊन ती याच बाकाशी उभी राहायची. या नमुन्याच्या कॉईल लतीफकडून करून घेऊ, असं तिनंच तिथल्या साहेबांना सुचवलं. साहेबांची अट एकच होती, मोजणीत सूट नाही. सोमवारी नमुना नापास झाला तर पुढचं काम इथं येणार नव्हतं.

तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. चुंबक पाव फेरा वळवून पुन्हा मोजलं. चुकलेलं शून्यही तेवढंच वळलं. म्हणजे खोट चुंबकातच होती, आणि ती चौथ्या कॉईलकडे बोट दाखवत होती.

"चाचा, ह्या कॉईलमधी तार जास्त हाय का?"

लतीफ चहा गाळत होता. "व्हय. दोन टर्न जास्त दिलेत."

"मी चाळीसच वेढे सांगितले व्हते."

"तुझ्या बापाच्या दरेक मोटारीला दोन जास्तच देत आलो. कमी तापते. तार उरली व्हती, म्हणलं आपल्या पोरीचं काम हाय."

"मग चारीला काहून न्हाई दिले?"

"तेवढीच उरली व्हती."

पुनमनं हसू दाबलं. "एकीचा जोर वाढला की झोत सरकतो, चाचा. नळीला धडकतो."

"दोन टर्ननं? लईच नाजूक लेकरू हाय तुझं."

"हाय."

"पाठव तसंच. कोण मोजून राहिलं तिकडं?"

"तिकडं बी मीच."

लतीफनं चहा संपवला. कॉईलवरचं वॉर्निश कडक झालेलं. दोन टर्न सोडवता येणार नव्हते, कॉईल नवीच करायला हवी होती. त्यानं तारेचं रीळ ओढलं. "मोठ्यानं मोज. माझा हात थांबायचा न्हाई."

चाळीसला पुनमनं त्याचं मनगटच धरलं.

"बस?"

"बस."

उरलेली हातभर तार त्यानं तोडून खिळ्याला अडकवली. "तुझ्या बापाच्या मोटारीला होईल," म्हणाला आणि कॉईल वॉर्निशात बुडवली.

ती वाळायला उद्या सकाळ उजाडेल. रविवारी लतीफचं दुकान बंद असतं. तरी उद्या शटर साडेसातला उघडेल.