दोन माणसांचा चरक

टोलेमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत घंटा वाजवली आणि ती अशी वाजवली की समोरचा सायकलवाला तिच्यावर आपलं घड्याळ लावून घ्यायचा. मुख्याध्यापिकाबाईंचं वाक्य अर्ध्यावर असो, परीक्षेत कुणाची शेवटची ओळ लिहायची राहिलेली असो, काटा जागेवर आला की टोला पडायचा. एकदा बाई वैतागून म्हणाल्या, मामा, टोला देण्याआधी निदान एकदा माझ्याकडे बघत तरी जा. मामांनी अतिशय नम्रपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि आपण जिंकलो असं मामांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

असा माणूस घरात किती सुखाचा असेल, ते वेगळं सांगायला नको. तरी मामींनी त्याच्याबरोबर संसार केला आणि फारशी कुरकुर न करता केला. त्या घरी बसून काजं करायच्या. चौकातले दोन शिंपी शर्टांचे गठ्ठे आणून टाकत आणि मामी खिडकीशी बसून एकेका काजाला टाका घालत. त्यांचं काज इतकं सारखं यायचं की मशीनवर केलं असेल असं गिऱ्हाइकाला वाटे, आणि हे कौतुक आहे की अपमान हे मामींना कधी ठरवता आलं नाही.

चरक घरात आला तो या काजांपायी. मोठी चादर हाताने पिळली की मामींची मनगटं भरून यायची आणि दुसऱ्या दिवशी सुई थरथरायची. लेक तेव्हा तान्ही होती, त्यामुळे पिळायच्या कपड्यांना तोटा नव्हता. गावातलं एक वसतिगृह बंद पडलं आणि त्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा मामा तिथून कपडे पिळायचं एक यंत्र खांद्यावर घेऊन घरी आले. बिडाची चौकट, तिच्यात एकावर एक दोन रबरी रूळ, बाजूला दातेरी चाकं आणि लाकडी मुठीचं हँडल. दिसायला ते उसाच्या चरकाचं धाकटं भावंड होतं, म्हणून घरात त्याचं नाव चरकच पडलं. मामींची बोटं जपायला म्हणून ते आणलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं. मामा तर ते एक दिवसही विसरू शकले नाहीत.

चरक हे एकट्याचं काम नाही. एकाने कपडा घालायचा, दुसऱ्याने हँडल फिरवायचं. घालणाऱ्याचं काम डोक्याचं. चादर लांबीत चार घड्या करून घालायची. उशीचा अभ्रा बंद बाजूने घालायचा, कारण तोंडाच्या बाजूने घातला तर तो फुग्यासारखा फुगतो आणि सगळं पाणी अंगावर थुंकतो. शर्टाची बटणं आतल्या बाजूला दुमडायची, नाहीतर रुळाखाली त्यांचा चुरा होतो. फिरवणाऱ्याला फक्त दंड लागतात. मामी कपड्याचं टोक रुळांत अडकवायच्या, बोटं काढायच्या आणि म्हणायच्या, "हं." मामा फिरवायचे. पाणी टबात परत पडायचं आणि पलीकडून कपडा पत्र्यासारखा सपाट होऊन बाहेर यायचा. रविवारी सकाळी गल्लीतून जाणाऱ्याला आतून दुसरं काही ऐकू यायचं नाही. हं, घर्रर्र. हं, घर्रर्र. सव्वीस-सत्तावीस वर्षं हे असं चाललं.

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी ते घडलं. कपडा मामांच्याच शाळेच्या गणवेशाचा होता, खाकी शर्ट, खरं तर आता घालायचं कारणच उरलं नव्हतं. मामींनी कॉलर रुळांत दिली. शर्ट आत जायला लागला आणि त्यांना दिसलं की एक बटण बाहेर राहिलंय. जिने जन्मभर बटणांसाठी काजं केली, तिला डोळ्यांदेखत बटण फुटू देणं कसं जमावं? त्यांनी हात पुढे केला, आणि उजव्या हाताची दोन बोटं शर्टाबरोबर आत गेली.

आता चरकाच्या डोक्यावर एक कळ असते. ती दाबली की वरचा रूळ उचलला जातो आणि सापडलेलं काहीही अलगद मोकळं होतं. मामांना ती कळ ठाऊक होती, दर महिन्याला तिला तेल तेच घालत. पण मामींची किंकाळी ऐकली आणि त्यांचं डोकं बंद पडलं. त्यांनी हँडल उलटं फिरवलं. बोटं गेली होती त्याच वाटेने, त्याच दाबाखालून, दुसऱ्यांदा बाहेर आली.

बोटं राहिली, पण वाकायची थांबली. मामींनी उरलेल्या बोटांनी काज करून पाहिलं. शिंपी भले होते, ते पहिले काही महिने शर्ट आणत राहिले, मग थोडे कमी आणू लागले, मग नुसतेच चौकशी करायला येऊ लागले. मामींनी सुयांची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. त्या मामांना एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

मामांनी चरक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. तेव्हापासून घरातला प्रत्येक कपडा ते स्वतः हाताने पिळत. मामींना ओल्या कपड्याला हात लावू देत नसत. लोक म्हणत, बघा, म्हातारपणी कसा सुधारला. पण मामांच्या आत एक गोष्ट ठाण मांडून बसली होती आणि ती काही सुधारण्याची नव्हती. ती अशी, की त्या दिवशी ती "हं" म्हणाली होती. त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. उलटं फिरवलं ही आपली चूक, शंभर वेळा चूक. पण सुरुवात? सुरुवात तिच्या हंवरच झाली होती ना? एवढा एक आधार धरून ते तीन वर्षं उभे होते. तिला विचारावं असं रोज वाटायचं. पण ती "नाही" म्हणाली तर काय, या भीतीने त्यांची जीभ उचलत नव्हती.

यंदा लेक बाळाला घेऊन जवळच राहायला आली. ती दवाखान्यात नर्स, बाळंतपणाची सुट्टी संपल्यावर सकाळी बाळ आजीआजोबांकडे सोपवून कामावर जायची. घरात पुन्हा दुपटी आली, लंगोट आले, झबली आली. आणि नेमके धुक्याचे दिवस सुरू झाले. सूर्य दुपारी तोंड दाखवून परत जायचा. मामांच्या मनगटांत आता पूर्वीचा जोर नव्हता. त्यांनी पिळलेलं दुपटं दोरीवर तीन दिवस लोंबकळायचं आणि तरी हाताला गार लागायचं. ओलसर कपड्यांनी बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले.

लेकीने चट्टे पाहिले आणि त्यांवर मलम लावलं. मग म्हणाली की बाळाला उद्यापासून पाळणाघरात ठेवलेलं बरं, तिथे मोठं मशीन आहे. मामांनी आपणही मशीन घेऊ म्हटलं. त्यावर मामी म्हणाल्या की आपल्या न्हाणीघरात मशीन बसेल, पण मग आंघोळीला शेजारी जावं लागेल. लेकीला हसू आलं, पण चट्ट्यांवरची तिची नजर हटली नाही. दोन दिवस बघते, एवढंच बोलून ती निघून गेली.

"चरक खाली काढा," मामी म्हणाल्या.

मामांनी हजार सबबी सांगितल्या. रबर कडक झालं असेल, चाकं गंजली असतील, माळ्यावर चढायला आता गुडघे कुठे आहेत. मामींनी सगळ्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि शिडी भिंतीला लावून दिली. गोणपाट सोडलं तर चरक होता तसाच होता. मामांनी तो न्हाणीघराच्या दारात ठेवला आणि ते कामाचं निमित्त काढून बाहेर पडले. काम काहीच नव्हतं. ते शाळेच्या भिंतीपर्यंत गेले, तिथे नव्या शिपायाने बटण दाबून वाजवलेली घंटा ऐकली आणि परत आले.

येऊन पाहतात तर चरक पुसून, तेल घालून, टबाच्या काठाला पकडीने घट्ट बसवलेला. बाळ पाळण्यात झोपलेलं. आणि मामी उभ्या होत्या त्या नेहमीच्या जागी नाही, मामांच्या जागी, डावा हात हँडलवर ठेवून.

"आज कपडा तुम्ही घाला," त्या म्हणाल्या. "फिरवते मी."

मामांना हे सुचलंच नव्हतं. पण तिची बोटं रुळांपासून लांब राहणार म्हटल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलं. ते पुढे झाले, दुपट्याचं टोक धरलं आणि ते हातभर अंतरावरून रुळांवर टाकू लागले. टोक घसरून पुन्हा पुन्हा टबात पडत होतं.

"दुपटं आहे ते, साप नाही," मामी म्हणाल्या. "जवळ या."

मग मामा जवळ आले. टोक रुळांच्या फटीत नीट दाबायचं तर बोटं अगदी फटीपाशी न्यावी लागतात, हे त्यांना तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी ती फट या बाजूने पाहिलीच नव्हती. दोन्ही रूळ ओठांसारखे मिटलेले, आणि हँडल दुसऱ्याच्या हातात. त्यांनी टोक दाबलं, बोटं मागे घेतली. मामी थांबल्या होत्या. त्या मामांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, बोटांकडे बघत होत्या. बाहेर कुणीतरी बादली आपटली, पाळण्यात बाळाने कूस बदलली, मामी तरी थांबलेल्याच. शेवटी मामा म्हणाले, "हं." मग हँडल फिरलं.

दुसरं दुपटं. तिसरं. लंगोटांचा ढीग. दर वेळी मामी थांबत. दर वेळी मामांचा हं आल्याशिवाय हँडल जागचं हलत नसे. असे पंधरा-वीस कपडे झाले असतील आणि मामांच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. आपण असे थांबत होतो का? आठवून पाहिलं तर आठवत होता तो नुसता ठेका. हं, घर्रर्र. हं, घर्रर्र. मध्ये कुठे जागाच नव्हती.

त्यांनी हातातला लंगोट टबाच्या काठावर ठेवला.

"एक विचारू? त्या दिवशी तू हं म्हणाली होतीस ना?"

मामींनी हँडलवरचा हात काढला. त्यांना हा प्रश्न येणार हे ठाऊक असावं, कारण त्या दचकल्या नाहीत.

"म्हणाले होते."

मामांचा जीव भांड्यात पडला. पण मामींचं बोलणं संपलं नव्हतं.

"दर वेळी म्हणायचे. तुमचा खांदा हलला की म्हणायचे. तुम्ही काय, मनात चार मोजायचात आणि फिरवायचात, माझं झालंय की नाही बघायचात थोडेच. मग मीच ठरवलं, तुमच्या चारच्या आत बोटं काढायची आणि वर हं म्हणायचं. म्हणजे तुम्हाला वाटावं, माझ्यासाठी थांबलात."

"इतकी वर्षं?"

"पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला. त्या दिवशी बटण राहिलं, एवढंच."

मामा पाटावर बसले. तीन वर्षं ज्या आधारावर ते उभे होते तो तिने दिलेला होता, आणि तोही दर रविवारी, न मागता. त्यांना बाईंचं ते वाक्य आठवलं, निदान एकदा माझ्याकडे बघत तरी जा. त्यांना फार लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही, आणि मामींनी ते पाहिलं नाही असंही दाखवलं नाही. त्यांनी आपल्या पदराचं कोरडं टोक पुढे केलं.

"सांगायचं होतंस," मामा म्हणाले.

"कधी? तुम्ही थांबला असतात तर सांगितलं असतं." हे म्हणताना त्या हसत होत्या, पण हसण्यातही ते खरंच होतं.

आतून बाळाने रडायला सुरुवात केली. टबात आता एकच कपडा उरला होता, बाळाचं झबलं, पाठीवर तीन इवलीशी बटणं असलेलं. मामींनी ते उचललं आणि त्या चरकाच्या या बाजूला, आपल्या जुन्या जागी येऊन उभ्या राहिल्या. मामा नको नको म्हणत उठले. मामींनी मानेनेच हँडलकडे खूण केली.

मामांनी मूठ धरली. मामींच्या दोन ताठ बोटांना ती बारीक बटणं सापडत नव्हती. त्यांनी बाकीच्या बोटांनी एक आत दुमडलं, मग दुसरं. तिसरं निसटलं. त्यांनी ते पुन्हा धरलं. बाळाचं रडणं वाढलं. मामांच्या मनात सवयीने एक, दोन, तीन, चार झाले, आणि चारच्या पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते तिच्या बोटांकडे बघत राहिले. तिसरं बटण आत गेलं. झबल्याचं टोक रुळांत बसलं. बोटं बाहेर आली.

मामा तरी हलले नाहीत.

"फिरवा की आता. बाळ रडतंय."

"तू म्हण आधी."

मामींनी तिन्ही बटणं वरून एकदा चाचपून पाहिली. काही गरज नव्हती. मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, पदराला पुसले आणि मामांकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.